लिटर बघून काचेची जाडी ठरवताय? थांबा जरा

घरी माशांचा टँक बनवणारा प्रत्येकजण पहिलं हेच विचारतो, इतक्या लिटरला किती एमएमची काच? पण काचेला लिटर कळतच नाहीत हो, तिला कळते फक्त पाण्याची उंची, आणि मग तिची स्वतःची लांबी.

९० सेंमी लांब, ४५ उंच, ३० रुंद टँक घ्या, पाणी साधारण १२१ लिटर. रुंदी ६० केली की पाणी डबल, तरी समोरच्या काचेवरचा जोर तेवढाच, ९१ किलोच्या आसपास. आता रुंदी परत ३० ठेवून फक्त उंची ६० करा, पाणी १६२ लिटरच पण जोर थेट १६२ किलोवर जातो, कारण तो उंचीच्या वर्गाने वाढतो. लांबी वाढली की काच मधेच पोट काढते, म्हणून तर वर आडवी पट्टी चिकटवतात.

आणि ते टफन्ड (तापवून झटकन गार करून मजबूत केलेल्या) काचेचं खूळ! एकदा टफन केली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही, आणि फुटली तर नुसता तडा न जाता सगळी एकदम चुरा, मासे जमिनीवर. साधी काच योग्य जाडीची घ्या, कडा घासून घ्या, बास.