वेल्डिंगचा धूर आणि शुक्राणूंचे तीन महिने

स्टेनलेसच्या रेलिंगला टाका मारताना जो निळसर धूर उठतो, ती धातूचीच वाफ असते. ती हवेत येताच थिजते आणि काही दशक नॅनोमीटरचे कण, म्हणजे नॅनोकण, तयार होतात (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). शुक्राणूचं डोकं जेमतेम ५ मायक्रोमीटर लांब. तेवढ्या लांबीत ५० नॅनोमीटरचे १०० कण ओळीने बसतील.

असे कण श्वासातून थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि त्यातला थोडा भाग रक्तात उतरतो. बहुतेक यकृत आणि प्लीहा अडवतात, वृषणापर्यंत फारच थोडे जातात. तिथे शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींची घट्ट वीण रक्ताला आड येते. पण ही भिंत सगळ्यांना आत घेत नाही. ज्यांच्यापासून पुढे शुक्राणू घडतात त्या मूळ पेशी आणि टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लेडिग पेशी भिंतीबाहेरच राहतात. २००५ मध्ये उंदराच्या अशाच मूळ पेशींवर वेगवेगळे नॅनोकण टाकून पाहिले, त्यात चांदीचे कण सर्वांत घातक ठरले. मात्र बशीतल्या पेशी किंवा थेट टोचलेला मोठा डोस म्हणजे वर्कशॉपमधला श्वास नव्हे.

खरी इजा होते ती कणांमुळे होणाऱ्या ऑक्सिडेशनने. शुक्राणूच्या आवरणात असंतृप्त मेद भरपूर, ते लवकर खराब होतात. पेशीद्रव नावापुरता, म्हणून संरक्षक एन्झाइमंही थोडी. आणि तयार शुक्राणूला स्वतःचा तुटलेला डीएनए दुरुस्त करता येत नाही. परिणामी हालचाल मंदावते, डीएनएचे तुकडे पडतात.

वेल्डरच्या बाबतीत एक घोळ आहे: आर्कची, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीची, उष्णता. वृषण शरीरापेक्षा २ ते ४ अंश थंड लागतं. त्यामुळे वीर्याचा रिपोर्ट बिघडला तर दोष धुराचा की उष्णतेचा, हे वेगळं काढणं कठीण जातं. डेन्मार्कमधल्या वेल्डरांवरच्या अभ्यासांतही एकच उत्तर निघालेलं नाही.

शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस, वर बाहेरच्या नळीतून यायला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणून काम बदलल्यावर पंधरा दिवसांत तपासणी केली तर जुनाच माल मोजला जातो. तीन महिने थांबा. नमुन्याआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत किमान संदर्भ पातळी मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि ४२ टक्के हालचाल अशी आहे. एकाच रिपोर्टवर निष्कर्ष काढू नये. डॉक्टरांना आपलं काम मात्र नीट सांगा. बरेच जण नुसतं 'प्रायव्हेट नोकरी' म्हणून मोकळे होतात.

सनस्क्रीनमधल्या नॅनोकणांची भीती उगाच वाढवलेली. धड कातडीवर लावलेला झिंक ऑक्साइड वरच्या मृत थरातच अडतो. स्प्रे मात्र टाळावा, कारण तो श्वासात जातो.

तोंडाला गमछा बांधून काही साधत नाही. एन९५ मास्क उपयोगी पडतो, आणि गंमत म्हणजे अगदी बारीक कण तो चांगले पकडतो: ते हवेत इतके थरथरत फिरतात की तंतूंना आपटतातच. फसतो तो कडेला. दाढी वाढलेली असली की फटीतून धूर सरळ आत. शिवाय डोकं धुराच्या वाटेत असेल तर हेल्मेटच्या आत तो साठतो, म्हणून पंखा बाजूने लावावा आणि धूर ओढणाऱ्या यंत्राचं तोंड टाक्यापासून वीतभर अंतरावर धरावं.