फीड कमी केल्याने फिनिश सुधारतेच का?

‘फीड निम्म्यावर आणा, फिनिश आपोआप येईल’ हा सल्ला, म्हणजे कटर पुढे सरकवण्याचा वेग कमी केला की पृष्ठभाग गुळगुळीत होतो हे म्हणणे, पाच-अक्षी (कटर कलवूनही कापता येणाऱ्या) मशीनवर काम करणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे फिरत आहे. टर्निंगमध्ये (लेथवर तुकडा फिरवून कापताना) तो बऱ्याच अंशी खरा ठरत असल्याने त्यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे.

गोल टोकाच्या बॉलनोज कटरच्या बाबतीत मात्र दोन लगतच्या पासांमधील (कटरच्या फेऱ्यांमधील) उंचवटा फीडवर नव्हे, तर स्टेपओव्हरवर, म्हणजे त्या दोन पासांमधील अंतरावर, ठरतो: स्टेपओव्हरचा वर्ग भागिले कटरच्या त्रिज्येची आठपट. १० मिमी व्यासाचा कटर आणि ०.३ मिमी स्टेपओव्हर असेल, तर सपाट भागावर हा उंचवटा सुमारे २.२५ मायक्रॉन येतो आणि फीड कितीही घटवला तरी तो तेवढाच राहतो. उलट फीड फारच कमी झाला, की धार धातू कापण्याऐवजी घासू लागते, उष्णता वाढते, आणि ॲल्युमिनियमसारखा मऊ धातू धारेला चिकटून पृष्ठभागावर ओरखडे उठवतो.

खरी अडचण बहुधा कटरच्या टोकाशी असते, कारण तेथे कापण्याचा वेग शून्य असतो. ०.२ मिमी खोलीच्या कापात उभ्या कटरचा प्रभावी (प्रत्यक्ष कापणारा) व्यास जेमतेम २.८ मिमी भरतो. तोच कटर १५ अंश कलवला, तर हा व्यास सुमारे ५.२ मिमी होतो आणि त्यासोबत कापण्याचा वेगही वाढतो. पाचव्या अक्षाचा खरा उपयोग इथे आहे.

पडताळणीसाठी एकाच ठोकळ्यावर चार पट्टे कापावेत: पूर्ण व निम्मा फीड, उभा व कललेला कटर. त्याआधी डायल गेज लावून कटरचा रनआउट (फिरताना केंद्रापासून डगमगणे) तपासावा, आणि सरफेस टेस्टर (पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजणारे उपकरण) पासांना आडवा फिरवावा. पासांच्या दिशेने फिरवल्यास उंचवटे त्याच्या नोंदीत येतच नाहीत.