मैफलीचा रेकॉर्डर: स्पूलपासून ३२ बिटपर्यंत

जुन्या खाजगी ध्वनिमुद्रणांत एक खाच हमखास सापडते. विलंबित एकताल चाललेला असतो, बोलआलाप भरात असतो, गायक मुखड्याकडे वळतो आणि आवाज तुटतो. परत येतो तेव्हा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निघून गेलेली असते. त्या जागी कुणीतरी घाईघाईने कॅसेट उलटली आहे. फार संथ लयीत एकतालाचं आवर्तन, म्हणजे बारा मात्रांचा एक फेरा, मिनिटभरही चालतं, त्यामुळे उलटायला वीस सेकंद लागले तरी आवर्तनाचा तिसरा हिस्सा जातो. रेकॉर्डर निवडताना आजही पहिला विचार करायचा तो या खाचेचा.

ध्वनिमुद्रणाची यंत्रं आपल्या मैफलीच्या लांबीवर कधी बेतलेली नव्हती. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं, ते तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. पुढे टेप आली. १९५१ मध्ये स्टेफान कुडेल्स्की यांनी नाग्रा हा सहज वाहून नेता येणारा रेकॉर्डर बनवला, १९६१ मध्ये उहेर ४००० आला. घरगुती यंत्रावरच्या सात इंची स्पूलमध्ये साधारण १२०० फूट टेप मावे. सेकंदाला साडेसात इंच वेगाने ती ३२ मिनिटं पुरे, वेग निम्मा केला तर तासभर. पण वेग निम्मा केला की टेपची खरखर वाढते आणि तानपुऱ्याची जवार, म्हणजे तारांचा झंकार, बोथट होते.

कॅसेट १९६३ची. तिचा वेग आणखी निम्मा, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटं चाले. बडा खयाल, म्हणजे संथ लयीतली लांबलचक बंदिश, एका बाजूत बसावा म्हणून सी-१२० घेण्याचा मोह होई, पण तिची फीत इतकी पातळ की ताणली जाई, रोलरला गुंडाळली जाई. सोनीचा टीसी-डी५एम (१९८०) आणि खिशात मावणारा डब्ल्यूएम-डी६सी (१९८४) ही यंत्रं जगभरच्या मैफली टिपणाऱ्यांच्या हाती होती ती एका साध्या कारणाने: त्यांत मुद्रणाची पातळी, म्हणजे आवाज किती मोठा घ्यायचा ते, हाताने ठरवता येई. स्वस्त कॅसेट रेकॉर्डरमध्ये ती आपोआप ठरे, म्हणून गायक श्वासासाठी थांबला की तानपुरा फुगून वर येई आणि तबल्याची थाप पडताच गळा दबून जाई. जुनी ध्वनिफीत ऐकताना ही धाप लगेच ओळखू येते. आजच्या रेकॉर्डरमध्येही ही ‘ऑटो’ सोय असते. मैफलीसाठी ती बंदच ठेवावी.

१९८७ साली डॅट, म्हणजे डिजिटल टेप, आली: १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, खरखर नाही, दोन तास अखंड. मात्र तिचा फिरता ड्रम ओलाव्याला फार हळवा. वातानुकूलित गाडीतून मुंबईच्या जुलैतल्या हवेत यंत्र बाहेर काढलं की ड्रमवर दव धरे आणि टेप चिकटू नये म्हणून यंत्र स्वतःच थांबे. ड्रम गेला, दव उरलं. आता ते मायक्रोफोनच्या पडद्यावर धरतं आणि तडतड ऐकू येते. रेकॉर्डर अर्धा तास आधी बॅगेतून काढून सभागृहाच्या हवेत ठेवावा, एरवी डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा.

१९९२ची मिनीडिस्क आवाज आकसून साठवी, त्यामुळे संग्रहासाठी ती कच्चीच. खरा बदल झाला मेमरी कार्डामुळे. एडिरोल आर-१ (२००४) आणि झूम एच४ (२००६) नंतर फिरणारा भागच उरला नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ स्टिरिओला तासाला जेमतेम एक जीबी लागतो, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर दिवसभराचा संगीत महोत्सव मावतो. तरी ती खाच पुरती गेलेली नाही. काही रेकॉर्डर दोन जीबीला, म्हणजे साधारण दोन तासांनी, नवी फाइल सुरू करतात. चांगल्या यंत्रात जोड लागत नाही, हलक्या यंत्रात क्षणभर आवाज गळतो. घेण्यापूर्वी घरी तीन तास तानपुरा लावून जोड तपासावी.

माइक कुठे ठेवायचा हे सभागृहावर ठरतं. मुंबईतल्या एनसीपीएचं टाटा थिएटर (१९८०) भारतीय संगीत ध्वनिवर्धकाशिवाय ऐकू यावं म्हणूनच बांधलेलं आहे. अशा जागी परवानगी मिळाली, तर रंगमंचापासून दोन-तीन मीटरवर स्टँडवर ठेवलेल्या रेकॉर्डरच्या अंगचे दोन माइक पुरतात. लहान सभागृहात ध्वनिवर्धक असतो, तिथे मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक एकत्र करणाऱ्या यंत्रातून, आवाज घ्यावासा वाटतो. पण तबला मुळातच मोठा वाजतो, म्हणून मिक्सरमध्ये तो कमी घेतलेला असतो. नुसत्या मिक्सरच्या मुद्रणात ठेका दूर कुठेतरी वाजतो. म्हणून चार ट्रॅकचा रेकॉर्डर घ्यावा: दोन मिक्सरचे, दोन माइकचे. जुळवताना लक्षात ठेवा, दहा मीटर दूरच्या माइकला आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिक्सरचे ट्रॅक तेवढेच उशिरा वाजतील असे सरकवावेत.

मिक्सरचा आवाज माइकच्या इनपुटला दिला तर गेन शून्यावर असूनही फाटतो. लाइन इनपुट किंवा मध्ये आवाज उतरवणारा २० डीबीचा पॅड लागतो. फँटम पॉवर, म्हणजे रेकॉर्डरने माइकला पुरवलेली वीज, तपासून बंद करावी. भिंतीच्या प्लगवर चालवल्यास ५० हर्ट्‌झची घूं येऊ शकते, म्हणून बॅटरीच बरी. काही पॉवर बँक मात्र कमी वीज ओढली जाते म्हणून मध्येच बंद पडतात.

पंख्याची घरघर कापायला ८० हर्ट्‌झचा लो-कट, म्हणजे त्याखालचे आवाज कापणारी सोय, लावण्याची सवय आहे. काळी एक या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज (सा) १३८ हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे तानपुऱ्याचा खर्ज, त्याची सर्वांत खालची तार, ६९. लो-कट तोच खातो, शिवाय डग्ग्याची घुमारही. नंतर ऐकून कापता येतं, मुद्रणातच गेलेलं परत येत नाही.

पातळी सूर जुळवताना ठरवली जाते तिथे फसगत होते. द्रुतमध्ये, म्हणजे जलद लयीत, तबला त्याहून कितीतरी चढतो. २४ बिटमध्ये सर्वांत मोठी थाप उणे १२ डीबीला राहील इतकी सैल जागा ठेवावी. झूम एफ६ (२०१९) पासून ३२ बिट फ्लोट, म्हणजे पातळी नंतरही सावरता येईल असं मुद्रण, छोट्या यंत्रांत आलं आणि ही चिंता बरीच मिटली. पण मिक्सरमध्येच फाटलेला आवाज त्यालाही सांधता येत नाही.

बऱ्याच रेकॉर्डरवर लाल बटण एकदा दाबलं की दिवा फक्त लुकलुकतो, मुद्रण दुसऱ्यांदा दाबल्यावर सुरू होतं. सेकंदांचे आकडे पुढे सरकताना पाहूनच जागेवर बसावं. भैरवीनंतर स्टॉप दाबल्यावर कार्डावर लिहिणं चालू असतं. ते पुरं होण्याआधी बॅटरी काढली तर फाइल उघडत नाही.