मेमरीच्या गणितामागच्या पिना

बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेची परंपरा १८९० सालची, सयाजीराव महाराजांच्या काळातली. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेत चालू आहे. अभियांत्रिकीच्या वाटेने गेलेल्या इथल्या मराठी घरांतल्या मुलांना एक गणित चांगलंच ओळखीचं असतं: १०२४ × ४ बिटांच्या (१०२४ जागा, प्रत्येकीत चार बिट) चिप्स वापरून ४०९६ बाइटची मेमरी उभी करा. दोन चिप्स शेजारी ठेवल्या की एक बाइट, म्हणजे आठ बिट. अशा चार जोड्या, म्हणजे आठ चिप्स. जागेचा क्रमांक सांगणाऱ्या तारांपैकी, म्हणजे ॲड्रेस लाइनपैकी, दहा सगळ्यांना समाईक, वरच्या दोन डिकोडरला, म्हणजे जोडी निवडणाऱ्या सर्किटला. एका वेळी एकच जोडी जागी होते.

उत्तर सोपं आहे. पण मुळात चिप चारच बिट रुंद का, हे वर्गात आधी सांगायला हवं. ते कळलं की पाठांतराची गरजच उरत नाही.

१९७० साली इंटेलची ११०३ ही चिप आली: १०२४ बिट, रुंदी एकच बिट. त्याआधी मेमरी म्हणजे तारांत ओवलेली चुंबकी कड्यांची जाळी असे. रॉबर्ट डेनार्ड यांना एका ट्रान्झिस्टरच्या मेमरी पेशीचं पेटंट १९६८ मध्ये मिळालं होतं. सिलिकॉनवर बिट दाटीने बसवता येऊ लागले, तरी प्रत्येक पिनेला पॅकेजवर आणि बोर्डवर जागा लागत होती. ॲड्रेसची एक पिन वाढवली की मेमरीतल्या साठवणीच्या जागा दुप्पट होतात. रुंदी चारवरून आठ करायची तर डेटाच्याच चार पिना वाढतात.

अशाच १०२४ × ४ बिटांच्या २११४ चिपचा हिशोब मांडून पाहा. दहा ॲड्रेस, चार डेटा, चिप सिलेक्ट (चिप जागी करणारी पिन), राइट (लिहिण्याचा संकेत), वीज आणि ग्राउंड: बरोबर १८. तेच ४०९६ बिट ५१२ × ८ असे रचले तर २१ पिना लागतात. ४०९६ × १ सुद्धा १८ पिनांत बसते, पण मग बाइटसाठी किमान आठ चिप्स घ्याव्या लागतात. छोट्या यंत्राला एक किलोबाइट पुरेसा असेल तर २११४ च्या दोनच पुरतात. किती विचारपूर्वक केलेली रचना आहे ही!

डायनॅमिक मेमरीने याहून धाडसी वाट धरली. १९७३ मध्ये मॉस्टेक कंपनीने ४०९६ बिटांच्या चिपचा बारा बिटांचा ॲड्रेस सहा पिनांवरून दोनदा पाठवला, आधी ओळ, मग स्तंभ, आणि चिप १६ पिनांत बसवली. बदल्यात बाहेरच्या सर्किटवर ॲड्रेसचे दोन भाग आळीपाळीने पाठवण्याचं, म्हणजे मल्टिप्लेक्सरचं, काम आलं. रिफ्रेश, म्हणजे साठवलेले बिट पुसले जाण्याआधी पुन्हा लिहिणं, तर डायनॅमिक मेमरीला लागतोच: पुढच्या ४११६ चिपमध्ये १२८ ओळी दर दोन मिलिसेकंदांत ताज्या कराव्या लागत. १९८१ च्या आयबीएम पीसीत याच चिप्स नऊ-नऊच्या रांगांत होत्या: आठ डेटासाठी, नववी पॅरिटीसाठी, म्हणजे चूक ओळखण्यासाठी.

१९७८ च्या इंटेल ८०८६ प्रोसेसरने गणितात नवा पेच आणला. डेटा बस (डेटा नेणाऱ्या तारा) १६ बिटांची, पण लिहायचा असतो कधी एकच बाइट. म्हणून सम आणि विषम अशा दोन बँका, आणि निवड ए-शून्य (ॲड्रेसची सर्वांत खालची लाइन) व बीएचई (वरचा बाइट चालू करणारा) या संकेतांवर.

डीडीआर-४ मेमरीच्या पट्टीवरही आठ-आठ बिटांच्या आठ चिप्स शेजारी बसून ६४ बिटांची रुंदी देतात. सर्व्हरच्या ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या) पट्टीवर अशीच नववी चिप असते. अशा दोन रांगा, म्हणजे रँक, असतील तर कोणती चालू करायची ते चिप सिलेक्टच ठरवतो.