मिठाला पाणी सुटतं, तेव्हा लॅपटॉपचं काय होतं?

जुलैतल्या एका सकाळी पुतण्याचा लॅपटॉप उठलाच नाही. बटण दाबलं तर दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही. आदल्या रात्रीपर्यंत ठणठणीत होता. वेंगुर्ल्याचं आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि घरात सल्ले देणाऱ्यांची वाण नाही. ‘तांदळात पुरून ठेव, सुकतलो,’ वहिनींनी सांगितलं आणि ठेवलाही. शेजारच्या काकांनी त्याहून सोपा मार्ग सुचवला: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, देवाला कौल लावून विचारा. ग्रामदेवतेबद्दल माझी काही तक्रार नाही, पण चार्जरच्या 19 व्होल्टचा प्रश्न व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरला विचारावा. तो काही शे रुपयांत मिळतो आणि उत्तर लगेच देतो.

तांदळाचा उपाय मात्र नीट तपासायला हवा, कारण तो जवळपास सगळेच करतात आणि त्यामागची समजूत अशी की बिघाड पाण्यामुळे झाला. इथे एक थेंबही सांडला नव्हता. दोषी पाणी नव्हतं, मीठ होतं.

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, हे घरोघरी ठाऊक आहे. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतली वाफ ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर 33 टक्क्यांनाच ओलं होऊ लागतं. म्हणून शिरोड्याच्या मिठागरांतलं खडे मीठ बारीक पांढऱ्या मिठाआधी पाझरतं. लाटा फुटताना उडालेले सूक्ष्म तुषार हवेतच सुकतात, वाऱ्याबरोबर घरात येतात आणि लॅपटॉपचा पंखा ती हवा दिवसभर आत ओढतो. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, मिठाचा डोळ्यांना न दिसणारा थर साचतो. मार्चमध्ये तो निरुपद्रवी असतो. जूनमध्ये त्याला पाणी सुटतं.

आता शाळेतलं विद्युत अपघटन आठवा. तांब्याच्या दोन पट्ट्या, मध्ये क्षारयुक्त पाणी, बाहेर बॅटरी. बोर्डावर नेमकं हेच असतं: शेजारशेजारच्या दोन तारांमध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी अंतर, त्यांच्यात 3 ते 19 व्होल्टचा फरक आणि वर खारट ओल. धनाग्राचं तांबं आयन होऊन विरघळतं, हिरवट क्षार मागे राहतात. काही आयन पलीकडे पोचून ऋणाग्रावर पुन्हा धातू होतात, आणि तिथून नेच्याच्या पानासारख्या बारीक फांद्या धनाग्राकडे वाढू लागतात. फांदी टेकली की शॉर्ट. लॅपटॉप बंद केला म्हणून हे थांबत नाही, कारण आतली बॅटरी जोडलेलीच असते आणि बटणाची वाट पाहणाऱ्या भागाला ती अखंड वीज देत राहते.

वेग किती? फॅरडेचा नियम लावून पाहू. तांब्याच्या एका मोलला, म्हणजे 63.5 ग्रॅमला, 2 × 96,485 कूलोम लागतात. गळती फक्त 1 मायक्रोअँपिअर धरली तरी चार महिन्यांत 10.4 कूलोम वाहतात, म्हणजे सुमारे 3.4 मिलिग्रॅम तांबं जातं. दशांश मिलिमीटर रुंद आणि 35 मायक्रोमीटर जाड तार घेतली तर ही झाली 11 सेंटिमीटर तार! तिचा एक मिलिमीटर खायला 26 तास पुरतात. हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात बराचसा प्रवाह पाण्याच्याच अपघटनात खर्च होतो. पण एका रात्रीत लॅपटॉप ‘अचानक’ मरतो तेव्हा तो कित्येक आठवडे मरत असतो, एवढं यातून कळावं.

म्हणूनच तांदूळ कुचकामी. समजा त्याने ओल शोषली, तरी मीठ जागेवरच. हेअर ड्रायरचंही तेच. पुढच्या दमट रात्री सगळं पुन्हा सुरू. मीठ धुवावंच लागतं: आधी बॅटरी सोडवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने, आणि शक्यतो जाणत्या हातांनी.

निर्णयाचं म्हणाल तर आधी अडॅप्टर मोजा. गोल पिनचा असेल तर बहुधा 19 च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. टाइप-सी चार्जर असा मोजता येत नाही, लॅपटॉपशी बोलणी झाल्याशिवाय तो पूर्ण व्होल्टेज सोडतच नाही. मग चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरा, कधीकधी तेवढ्यावर भागतं. पंखा फिरतो पण पडदा काळा, असं असेल तर टीव्हीला जोडून बघा किंवा रॅम (मेमरीची पट्टी) काढून पुन्हा बसवा. पिन घालताच अडॅप्टरचा दिवा विझला तर बोर्डावर शॉर्ट आहे, आणि ही वाटते तितकी वाईट बातमी नाही. पुष्कळदा काही रुपयांचा एखादा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा इवलासा भाग, गेलेला असतो, पैसे द्यायचे ते तो शोधणाऱ्या नजरेचे.

हिरवा गंज मोठ्या चिपखाली शिरला असेल तर मात्र नाद सोडावा. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तरी मी फार खर्च करणार नाही. असे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 ला चालत नाहीत आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून येणारे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. फोटोंसाठी जीव टांगणीला लावू नका. फोटो जिच्यात साठतात ती एसएसडी बोर्डाला डाग देऊन जोडलेली नसेल तर ती काढून दुसरीकडे वाचता येते. आणि नवा घ्यायला गेलात की दुकानदार ‘एआय लॅपटॉप’ दाखवेल. मीठ त्यालाही तसंच चढतं.

पावसाळाभर कपाटात जपून ठेवलेला लॅपटॉप आमच्याकडे रोजच्या वापरातल्यापेक्षा आधी जातो. चालू यंत्र गरम असतं: 27 अंशांची 90 टक्के आर्द्रतेची हवा 37 अंशांवर गेली की आर्द्रता जेमतेम 50 टक्के उरते आणि तो खारट थर बराच आटतो.

पुतण्याचा लॅपटॉप कुडाळला दिला. चार्जिंगच्या खाचेजवळचा एक कपॅसिटर गेला होता. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने बोर्ड धुऊन दिला, आणि बिलाबरोबर कागदाच्या पुडीत उकड्या तांदळाचे तीन दाणेही. पंख्यात अडकले होते.