तुटल्या धाग्यापाशी थांबणारा माग : लीन उत्पादनपद्धतीची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्वभागात माग चालू असला की त्याच्या आवाजाकडे कुणाचं लक्ष जात नाही. लक्ष जातं ते माग थांबल्यावर. मागवाला लगेच मान वळवतो. ताणा (उभा धागा) तुटला की बाणा (आडवा धागा)? बाण्याच्या सुताची कांडी संपली की ती वाहून नेणारा धोटा अडकला? चार माग सांभाळणारा माणूस प्रत्येक मागासमोर उभा राहू शकत नाही, म्हणून तो कानांनी काम करतो.

आज व्यवस्थापनाच्या वर्गात ‘लीन मॅन्युफॅक्चरिंग’, म्हणजे नासाडी टाळून उत्पादन करण्याची पद्धत, शिकवतात तेव्हा सुरुवात मोटारीपासून होते. टोयोटा, कानबान, सात प्रकारची नासाडी, असा क्रम असतो. मला ही सुरुवात अर्ध्यातून केलेली वाटते. हा विचार मोटारीच्या कारखान्यात पोचण्याआधी विणकामाच्या शेडमध्ये वाढला. सोलापूरकरांनी तो तिथूनच वाचायला हवा, कारण त्यातली भाषा आपल्या घरातली आहे.

टोयोटा ज्यांच्या घराण्यातून उभी राहिली त्या साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ चा. वडील सुतार, आई घरी हातमागावर विणायची. लाकूडकाम शिकलेल्या या मुलाने आधी हातमाग सुधारला, मग यंत्रमाग बनवले. धागा तुटला की थांबणं ही काही त्यांची एकट्याची युक्ती नव्हती. बाणा तुटल्यावर थांबणारे माग इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होते आणि अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप मागाने १८९० च्या दशकात ताणा तुटल्यावर थांबण्याचीही सोय केली होती. साकिचींच्या १९२४ च्या ‘जी’ प्रकारच्या मागाचं वेगळेपण असं की तो पूर्ण वेगात चालू असताना स्वतःच धोटा बदलायचा आणि ताणा किंवा बाणा तुटला की स्वतःच थांबायचा. एक कामगार असे तीसहून जास्त माग बघू शकत होता. १९२६ मध्ये जपानमधल्या कारिया इथे त्यांचा मागांचा कारखाना उभा राहिला आणि १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घ्यायचा करार केला. आपल्या गिरण्या लँकेशायरच्या यंत्रांवर उभ्या राहिलेल्या. त्याच लँकेशायरला जपानकडून मागाचा हक्क विकत घ्यावासा वाटला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

त्याच पैशावर टोयोटाची मोटार उभी राहिली असं सर्रास सांगतात. मला पैशापेक्षा विचाराचा प्रवास महत्त्वाचा वाटतो. चूक झाली की यंत्राने थांबावं, म्हणजे खराब कापड पुढे जाणार नाही आणि माणसाला यंत्राची राखण करत बसावं लागणार नाही. जपानीत याला ‘जिदोका’ म्हणतात. ‘स्वयंचलित’ या अर्थाचा शब्द लिहिताना टोयोटावाल्यांनी त्यातल्या एका अक्षराला माणसाची खूण जोडली. आपोआप चालणारं यंत्र त्यांना पुरेसं नव्हतं, माणसासारखी समज असलेलं यंत्र हवं होतं.

हा विचार मोटारीत नेणारे ताइची ओनो हेही कापडातलेच. १९३२ मध्ये ते टोयोडाच्या सूतगिरणीत लागले. निचिबो या प्रतिस्पर्धी कंपनीशी तुलना केल्यावर त्यांना दिसलं की आपल्याकडे प्रत्येक प्रक्रियेचं खातं वेगळं, माल मोठ्या गठ्ठ्यांनी हलतो आणि दोष शेवटी दुरुस्त केला जातो. तिकडे यंत्रं कामाच्या ओघाप्रमाणे मांडलेली, माल थोडाथोडा पुढे जाणारा आणि दर्जा सुरुवातीपासूनच सांभाळलेला. मोटारीच्या कारखान्यात त्यांनी जे केलं त्याचं बरंचसं बीज इथे आहे. १९४३ मध्ये ते मोटार कंपनीत गेले. तिथे त्यांनी एका कामगाराकडे आधी दोन, मग तीन-चार यंत्रं दिली. कामगारांनी विरोध केला.

तो विरोध आपल्याला परका नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत सहा महिने संप चालला. त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे मालकांची ‘कार्यक्षमता’ योजना. दोन माग बघणाऱ्या विणकराने तीन बघावेत, अशी ती मागणी. पण माग तेच, सूत तेच, धागा तुटण्याचं प्रमाणही तेच. धागा कमी तुटावा म्हणून आधी काही करायचं आणि मग मागांची संख्या वाढवायची, हा क्रम उलटा झाला की कार्यक्षमता म्हणजे निव्वळ जास्त घाम. आपल्या भागात हा शब्द ऐकला की जुने कामगार सावध होतात, त्याची मुळं इतकी मागे जातात.

आता सोलापूरकडे येऊ. मोरारजी गोकुळदास यांनी उभारलेली जुनी गिरणी १८७७ ची. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि भोंग्यावर चालणारं शहर तयार झालं. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला, पुढे त्याचा कायदा झाला. वटहुकुमात कारण काय लिहिलं होतं? गैरव्यवस्थापन आणि हयगय, त्यामुळे अत्यावश्यक मालाच्या उत्पादनाला बसलेला फटका आणि बेकारी. एका भागधारकाने याला आव्हान दिलं आणि राज्यघटनेच्या पहिल्याच वर्षी, डिसेंबर १९५० मध्ये, चिरंजितलाल चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास खटल्यात मात्र तोच कायदा अवैध ठरला. घटनेचे विद्यार्थी हे दोन्ही निकाल आजही वाचतात, पण उत्पादन व्यवस्थापन शिकणाऱ्यांना त्यांची नावंही माहीत नसतात. गिरणी बुडण्याचं कारण म्हणून ‘व्यवस्थापन’ हा शब्द सरकारी कागदावर येतो, याहून चांगला धडा त्यांना कुठे मिळणार?

त्याच १९५० मध्ये टोयोटा दिवाळखोरीच्या काठावर होती. संप झाला, सुमारे १,६०० माणसं कमी झाली, आणि साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी अध्यक्षपद सोडलं. त्यानंतर कोरियन युद्धामुळे ट्रकांची मागणी आली. मागणी आली तरी माणसं आणि पैसा बेताचाच होता, म्हणून लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच बनवायचं हे किइचिरोंचं सूत्र ओनोंनी गंभीरपणे अमलात आणलं. पुढच्या खात्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवायचं नाही. त्यासाठीची चिठ्ठी म्हणजे कानबान. ही युक्ती त्यांना अमेरिकन सुपरमार्केटवरून सुचली, जिथे गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं तेवढंच परत भरतात. ओनोंच्या मते गरजेपेक्षा जास्त बनवणं ही सगळ्यात वाईट नासाडी, कारण गोदामातला ढीग बाकीचे सगळे दोष झाकतो. थंडीच्या आधी चादरींच्या थप्प्या लावणाऱ्या कारखानदाराने यावर थोडा वेळ थांबावं.

१९७३ च्या तेलसंकटानंतर जगाचं लक्ष तिकडे गेलं. ‘लीन’ हे नाव मात्र जपानी नाही. ते १९८८ मध्ये जॉन क्राफचिक या अमेरिकन संशोधकाने दिलं.

आपल्याकडे लहान उद्योगांसाठी केंद्राची लीन योजना २००९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. मार्च २०२३ मध्ये ती नव्या रूपात आली. तिचे तीन टप्पे आहेत : प्राथमिक, मध्यम आणि प्रगत. वरच्या टप्प्यांतल्या मार्गदर्शनाचा ९० टक्के खर्च सरकार उचलतं. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या आणि गणवेशाच्या कारखान्यांना ती लागू पडू शकते.

पण टोयोटाच्या पद्धतीत मूळ कारण सापडेपर्यंत ‘का’ हा प्रश्न पाच वेळा विचारतात, आणि धागा तुटल्यावर तसं विचारायला वेळ लागतो. ताणा का तुटला? सूत कोरडं होतं. का? धाग्याला मजबुतीसाठी लावलेली खळ नीट बसली नव्हती. का? आणि असं मागे मागे जात राहायचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवाच इतकी कोरडी की या प्रश्नाचं उत्तर दर ऋतूत वेगळं निघेल. टोयोटात कामगाराने दोरी ओढून लाइन थांबवली तर त्याचा पगार कापला जात नाही. आपल्याकडे यंत्रमागावरची मजुरी बहुतेक ठिकाणी विणलेल्या मालावर मिळते. माग थांबला तर तेवढी मिनिटं मागवाल्याच्याच खिशातून जातात, म्हणून तो कारण शोधत बसत नाही, गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो.