पार्श्वभूमी : पाणी शुद्ध करणारे लेप आणि मिथिलीन ब्लूची कसोटी

टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन होते, हे जपानी संशोधकांनी १९७२ मध्ये जगासमोर मांडले तेव्हा सगळ्यांचे डोळे हायड्रोजनकडे लागले होते. दूषित पाण्याचा विचार नंतर आला. १९७६ मध्ये पीसीबी (ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरली जाणारी विषारी क्लोरीनयुक्त रसायने), १९७७ मध्ये सायनाइड आणि ऐंशीच्या दशकात क्लोरोफॉर्म व ट्रायक्लोरोएथिलीन यांच्यावर प्रयोग झाले.

सुरुवातीला टायटॅनियम डायऑक्साइडची पूड थेट पाण्यात घोळवत. काम झपाट्याने होई, पण नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे कण पुन्हा गाळून काढायचे कसे, या प्रश्नावर गाडी अडे. म्हणून काचेवर, सिरॅमिकवर लेप देण्याकडे कल वाढला. गाळणीची कटकट मिटली. मात्र पृष्ठभाग घटला आणि प्रदूषकाला लेपापर्यंत पोहोचायला वेळ लागू लागला.

आता हे लेप एकमेकांशी ताडून पाहायचे कसे? इथे मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची निवड झाली आणि माझ्या मते या क्षेत्राचे सर्वांत मोठे नुकसान तिनेच केले. रंग स्वस्त, ६६४ नॅनोमीटरजवळचे प्रकाशशोषण साध्या उपकरणावर मोजता येते, फिकट होणे डोळ्यांनाही दिसते. २०१० मध्ये ही चाचणी आंतरराष्ट्रीय मानक झाली. पण निळा रंग नाहीसा होण्याची कारणे अनेक. रेणू लेपाला नुसता चिकटून बसतो. त्याचे क्षपण होऊन, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून, रंगहीन रूप तयार होते आणि ऑक्सिजन मिळताच ते पुन्हा निळे होते. कधी फक्त मिथिल गट सुटतात, मूळ सांगाडा तसाच राहतो.

मानक अतिनील प्रकाशासाठी लिहिलेले होते. अॅनाटेज या टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकरूपाला ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा, म्हणजे सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी लागतात आणि उन्हात अतिनीलचा वाटा जेमतेम ४-५ टक्के. त्यामुळे २००१ मध्ये नायट्रोजन मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचे निष्कर्ष आल्यावर दृश्य प्रकाशात चालणाऱ्या लेपांची लाट आली. त्यांनाही हाच रंग लावला गेला. मिथिलीन ब्लू स्वतःच लाल प्रकाश शोषतो, लेपाला इलेक्ट्रॉन देतो आणि स्वतः मोडतो. म्हणजे श्रेय लेपाला, काम रंगाचे! फिनॉलसारख्या रंगहीन प्रदूषकावर तोच लेप तपासला असता आणि पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन (प्रदूषक खरोखर मोडून संपला का, हे सांगणारे माप) मोजला असता, तर हा घोळ तिथेच उघडा पडला असता. ही मागणी आता शोधनिबंधांच्या परीक्षकांकडून होते, पण जुन्या आकड्यांवर बेतलेले दावे अजून फिरतात.

इचलकरंजीसारख्या ठिकाणी सुती कापडाची रंगाई धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रिअॅक्टिव्ह रंगांनी होते, सोबत भरपूर मीठ आणि सोडा अॅश लागतो. प्रकाशात लेपावर तयार होणारे आणि प्रदूषक मोडणारे अतिक्रियाशील कण, म्हणजे हायड्रॉक्सिल रॅडिकल, सोड्यातला कार्बोनेट गिळून टाकतो. ऊर्ध्वपातित पाण्यातल्या निळ्या थेंबांवर उत्तम गुण मिळवलेला लेप अशा सांडपाण्यात मंदावतो.